आमचा पुलर कोणाकडे आहे?

मंडळी, आधी एक साधा हिशोब करू. जुन्या मारुती ८०० ची क्लच प्लेट बऱ्या हातात असेल तर साठ-सत्तर हजार किलोमीटर आरामात जाते. आमच्यासारख्या हौशी लोकांची जुनी गाडी फक्त विकांताला बाहेर निघते (रोजच्या हापिसाला बाईक झिंदाबाद), त्यामुळे वर्षाचं रनिंग जेमतेम पाच हजार. म्हणजे क्लच बदलायचा योग बारा-चौदा वर्षांतून एकदा, कुंभमेळ्यासारखा! त्या एका दुपारसाठी क्लच प्लेट बरोबर मधोमध बसवणारी दांडी विकत घ्यायची, आणि मग पुढची बारा वर्षं ती माळ्यावर, आकाशकंदिलाच्या शेजारी.

आता हाच हिशोब बाकीच्या अवजारांना लावा. बेअरिंग काढायचा पुलर, बॉल जॉइंट सोडवायचा सेपरेटर, सस्पेन्शनची स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर, व्हॉल्वची स्प्रिंग दाबणारा वेगळा कॉम्प्रेसर, कॉम्प्रेशन गेज, डिस्ट्रिब्युटरवाल्या गाड्यांसाठी टायमिंग लाइट, टॉर्क रेंच. सुझुकीच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अशा अवजारांना 'स्पेशल टूल' म्हणतात आणि प्रत्येकाला ०९९ ने सुरू होणारा एक लांबलचक नंबर असतो. एकट्याने हे सगळं चांगल्या प्रतीचं जमवायचं म्हटलं तर ज्या गाडीसाठी जमवायचं तिच्या किमतीच्या जवळपास जाल. आणि बायको विचारेल ते वेगळंच.

न जमवता काम करायचा मार्ग अर्थातच आहे. हातोडा आणि छिन्नी हे आपल्या देशाचं राष्ट्रीय स्पेशल टूल आहे. बॉल जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि तो तसल्याच निमुळत्या भोकात घट्ट रुतून बसलेला असतो. सेपरेटर लावला तर 'टक्' असा आवाज येऊन दोन मिनिटांत सुटतो. हातोड्याने वीस मिनिटं लागतात आणि त्यात आटे चेपतात, रबरी बूट फाटतो, म्हणजे जो जॉइंट चांगला होता आणि नुसता बाजूला करायचा होता तोही बदलावा लागतो. जुन्या गाड्या म्हातारपणाने कमी आणि असल्या दुरुस्तीने जास्त मरतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर यावर उपाय म्हणून आम्ही पुण्यातल्या चौदा जणांनी तीन वर्षांपूर्वी अवजारांची देवघेव सुरू केली. आमच्यात खरी नावं कोणी वापरत नाही. झेनवाला, इस्टीमवाला, जिप्सीवाला, दोन ८०० वाले (एक निळा, एक लाल), पद्मिनीवाले काका, असं चालतं. निम्म्याहून जास्त लोक आयटीतले, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात एक स्प्रेडशीट तयार झाली, तिला रंग दिले गेले, आणि ड्रॉपडाउन कसा असावा यावर दोन तास चर्चा झाली. अवजारं तेव्हा एकूण नऊ होती!

यात नवीन काही नाही हे मला माहितीये. आपल्याकडे शेतकरी सावड करतात. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक, मिळून जोडी, आणि आळीपाळीने दोघांचीही नांगरट. गावाकडे लग्नकार्याची मोठी पातेली आणि सतरंज्या मंडळाकडून नाहीतर देवळातून मिळतात, दर घरी पाचशे माणसांच्या भाताचं पातेलं कोणी बाळगत नाही. अमेरिकेत बर्कलीच्या सार्वजनिक वाचनालयात १९७९ पासून पुस्तकांसारखी अवजारं घरी नेता येतात. तिकडे ऑनसाइट राहून आलेले मित्र सांगतात की ऑटोझोनसारख्या स्पेअर पार्टच्या दुकानात पूर्ण किंमत डिपॉझिट ठेवायची, पुलर घेऊन जायचा, काम झालं की परत द्यायचा आणि पैसे घ्यायचे. त्या दुकानाला ते परवडतं, कारण पुलर फुकट नेणारा माणूस बेअरिंग त्यांच्याकडूनच घेतो. नाना पेठेतल्या आपल्या स्पेअरवाल्याला मी हे सुचवून पाहिलं होतं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्याचं वर्णन करत नाही.

असो. वाचनालयाची उपमा ऐकायला बरी वाटते, पण अवजार म्हणजे पुस्तक नव्हे. पुस्तक कोणी मंगळवारी वाचेल, कोणी शनिवारी. अवजार आम्हा सगळ्यांना रविवारी सकाळी नऊ वाजताच हवं असतं. शिवाय पुस्तक अर्धवट वाचून परत करता येतं. गाडी एकदा खोलली की मधूनच अवजार परत करता येत नाही, आणि पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन चाकांची गाडी किती दिवस उभी ठेवता येते हे ज्याने ठेवली त्यालाच विचारा. आमच्या सेक्रेटरींचं तर असं मत आहे की गाडीखाली आडवा झालेला माणूस बिल्डिंगचा रेट पाडतो.

पहिल्या वर्षी तर आमच्याकडे चक्क डेडलॉक झाला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत दहा मार्कांना लिहिला होता, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिला. झेनवाल्याकडे बेअरिंगचा पुलर होता, त्याला स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळाल्याशिवाय काम पुढे सरकेना. स्प्रिंग कॉम्प्रेसर इस्टीमवाल्याकडे, आणि त्याचं काम पुलरवाचून अडलेलं. दोघांच्याही गाड्या जॅक स्टँडवर, दोघेही 'माझं झालं की लगेच देतो' म्हणतायत. मध्ये नाना पेठेत बेअरिंग मिळेना म्हणून आणखी एक आठवडा. शेवटी जिप्सीवाल्याने एकाची अवजारं उचलून दुसऱ्याच्या घरी नेऊन टाकली तेव्हा कोंडी फुटली. (प्रीएम्प्शन म्हणतात त्याला!)

त्यानंतर नियम झाला तो मला आजही सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पार्ट हातात आल्याशिवाय अवजार मागायचं नाही. बेअरिंग, बुश, सील, जे काही बदलायचं ते सगळं घरात आणून ठेवा, त्याचा फोटो टाका, मग पुलर मिळेल. आणि एका कामाला लागणारी सगळी अवजारं एकदम मागा, एक आज आणि एक पुढच्या रविवारी असं नाही. एवढ्या दोन गोष्टींनी अवजार बाहेर राहायचा काळ तीन आठवड्यांवरून तीन-चार दिवसांवर आला. बाकी सगळं स्प्रेडशीटचं नक्षीकाम आहे.

उशिरा परत करणाऱ्यांना दंड लावावा का, यावरही वाद झाला. निळ्या ८०० वाल्याचं म्हणणं, दिवसाला पन्नास रुपये लावा, सगळे सुतासारखे सरळ होतील. मी विरोध केला आणि त्याला एक प्रसिद्ध प्रयोग सांगितला. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांमधला तो प्रयोग आहे, युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली छापलेला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना काही पाळणाघरांनी दंड सुरू केला. झालं उलटंच, उशिरा येणारे वाढले! आधी शिक्षिका थांबून राहते याची लाज वाटायची. दंड सुरू झाल्यावर ते जादा वेळेचं भाडं झालं, भाडं भरलं की लाज कसली? आणि नंतर दंड बंद केला तरी लाज काही परत आली नाही. आमच्यातले लोक आठवड्याला साडेतीनशे रुपये हसत हसत भरतील हो, पिझ्झा त्याहून महाग आहे. त्याऐवजी आम्ही एवढंच करतो की यादीत प्रत्येक अवजारासमोर ते आत्ता ज्याच्याकडे आहे त्याच्या गाडीचं नाव आणि पुढे रांगेत कोण आहे त्याच्या गाडीचं नाव, बस. 'जिप्सीकडे आहे, पद्मिनी थांबली आहे' हे वाचल्यावर साठी उलटलेल्या काकांना ताटकळत ठेवायचा निर्लज्जपणा अजून कोणी केलेला नाही.

मालकी कोणाची, हा दुसरा मोठा प्रश्न. सगळ्यांनी वर्गणी काढून अवजारं घ्यावी असं पुष्कळांना वाटतं. माझा याला ठाम विरोध आहे. सगळ्यांचं असलेलं अवजार पुसायचं काम कोणाचंच नसतं. सोसायटीच्या जिममधला ट्रेडमिल बघा, म्हणजे कळेल. आमच्याकडे प्रत्येक अवजाराला एक मालक आहे, ते विकत त्याने घेतलंय, परत त्याच्याचकडे जातं, आणि त्याला तेल लावून ठेवायची जबाबदारी त्याची. यादी सामायिक, वस्तू ज्याची त्याची. नवीन काही घ्यायचं असेल तर आधी यादी बघायची, आणि शक्यतो जे नाही ते घ्यायचं. अशाने तीन वर्षांत नऊची एकतीस झाली, आणि प्रत्येकाच्या खिशाला दोन-तीन अवजारांहून जास्त चाट बसली नाही. रोजचे पाने, गोट्या, पकडी यांची देवघेव मात्र बिलकुल नाही. दहा-बारा नंबरचा पाना मागणाऱ्याला बोहरी आळीचा रस्ता दाखवला जातो. नाशिकच्या तपारियाचा पान्यांचा सेट घ्या आणि आयुष्यभर वापरा, त्यात कसली उसनवारी!

आता झिजेबद्दल. पुलर हा लोखंडाचा ठोकळा, त्याचं कोण काय वाकडं करणार. टॉर्क रेंच मात्र नाजूक मापयंत्र आहे, आणि तो पान्यासारखा दिसतो हीच त्याची शोकांतिका. त्याने जाम नट सोडवायचे नसतात. त्याला पाइप जोडून लांबी वाढवायची नसते. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं असतं, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते आणि आकडे हळूहळू खोटे व्हायला लागतात. बाहेरून काही कळत नाही हो, 'टक्' तसाच वाजतो. फक्त तुम्ही ज्याला साठ समजताय ते बावन्न असतं नाहीतर सत्तर. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जास्त आवळलं तर आटे निघून हातात येतात, कमी आवळलं तर काही महिन्यांनी गॅस्केट जातं, आणि तोवर रेंच तिसऱ्याच्या घरी पोचलेला असतो. आयएसओ ६७८९ हे मानक सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल तर दर १२ महिन्यांनी किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, रेंच तपासून घ्यावा. एकट्या हौशी माणसाकडे पाच हजार वेळा वापर व्हायला दोन जन्म लागतील. चौदा जणांत तरी कुठे होतोय! पण वर्ष मात्र सगळ्यांचं सारखंच संपतं. म्हणून कॅलिब्रेशनचा खर्च आम्ही वाटून घेतो. वर्गणी म्हणून एवढी एकच.

आणि मग स्प्रिंग कॉम्प्रेसर. याबद्दल मी जरा गंभीरपणे लिहिणार आहे. पुढच्या चाकाचा स्ट्रट खोलायचा तर त्यावरची स्प्रिंग आधी दाबून धरावी लागते. ही स्प्रिंग गाडीच्या एका कोपऱ्याचं वजन पेलत असते. दोन हुकांचे स्क्रू समोरासमोर लावून, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे फिरवत ती दाबायची, आणि ती पूर्ण सैल झाल्याची खात्री झाल्यावरच वरचा नट काढायचा. हुक घसरला किंवा घाईत नट आधी निघाला, तर ती स्प्रिंग आणि तिच्यावरची लोखंडी टोपी कुठे जाईल हे सांगता येत नाही. समोर तोंड असेल तर तोंडात. हे अवजार यादीत असावं की नसावं यावर आमच्यात बरेच दिवस चाललं. 'मोठी माणसं आहेत, आपापली जबाबदारी' हे इस्टीमवाल्याचं मत. मला ते पटत नाही. माझं अवजार मी तुझ्या हातात दिलं आणि तुला ते वापरता येत नाही हे मला माहीत आहे, तर 'जबाबदारी तुझी' म्हणून हात झटकायची सोय मला राहत नाही. त्यामुळे नियम असा झाला की स्प्रिंग कॉम्प्रेसर एकटा जात नाही. तो माणसासकट जातो. ज्याने आधी निदान दोनदा हे काम केलंय असा कोणीतरी सोबत हवा. चौदा जणांत असे तिघे आहेत, म्हणून रांग लांब लागते. लागू दे.

हे तिघे हे काम शिकले कुठे? इथून पुढे खरा मुद्दा सुरू होतो, ज्यासाठी हा सगळा प्रपंच.

सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज आहे. तिथल्या मेकॅनिकला आम्ही सगळे उस्ताद म्हणतो. वय पन्नाशीचं, शिक्षण नववी, आणि मारुतीची गाडी रस्त्यावरून गेली की डोकं वर न करता 'टॅपेट वाजतायत' म्हणून सांगणार. स्प्रिंग कशी दाबायची हे त्या तिघांना उस्तादांनी शिकवलं. आमच्या कोणाकडेही हायड्रॉलिक प्रेस नाही, बेअरिंग दाबून बसवायचं असलं की आम्ही त्यांच्याकडे जातो. पैसे विचारले तर म्हणतात, 'चहा सांगा.' गेल्या तीन वर्षांत त्यांच्या प्रेसवर आमची किती कामं झाली याचा स्प्रेडशीटमध्ये रकाना नाही, हे मला हा मजकूर लिहिताना लक्षात आलं.

तर गेल्या महिन्यात उस्तादांकडे एक नव्या पिढीचं इंजिन आलं. त्यातले हेडचे बोल्ट नुसत्या टॉर्कवर आवळत नाहीत. आधी ठराविक टॉर्क लावायचा आणि मग तिथून पुढे ठराविक अंश फिरवायचं. त्यासाठी टॉर्क रेंच तर हवाच, शिवाय अंश मोजायची चकती. उस्ताद एरवी हाताच्या अंदाजाने आवळतात आणि त्यांचा अंदाज जबरदस्त आहे, पण त्यांनीच झेनवाल्याला विचारलं, 'तुमच्याकडे तो टकटक वाजणारा पाना आहे ना, आणि ती डिग्रीची चकती? दोन दिवस मिळेल का? इसमें अंदाजा नहीं चलेगा.' मंगळवार-बुधवारसाठी हवं होतं. झेनवाल्याने ग्रुपवर विचारलं आणि जे काही पेटलं म्हणता!

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे अगदीच टाकाऊ नव्हते, म्हणून नीट मांडतो. एक, हा 'कमर्शियल युज' आहे, आपण हौशी लोकांसाठी हे सुरू केलं, कोणाच्या धंद्यासाठी नाही. दोन, गॅरेजमध्ये हाताखाली पोरं असतात. रेंच उस्ताद नेतील, पण नट सोडवायला तो एखादा सोळा वर्षांचा पोरगा वापरेल. तीन, एकाला दिलं तर उद्या रांगच लागेल. चौथा मुद्दा उघडपणे कोणी बोललं नाही, पण डिपॉझिटच्या रूपाने बाहेर आला. 'द्यायचंच असेल तर पूर्ण किंमत डिपॉझिट घ्या,' असं एकाने लिहिलं आणि त्यावर पाच अंगठे उमटले.

आता मला सांगा, आमच्यापैकी एकाने तरी आजवर डिपॉझिट दिलंय? बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या मेंबरला आमच्यातलं कोणी धड ओळखतही नव्हतं. एकाचा हापिसातला मित्र, दुसऱ्याच्या मित्राचा मेव्हणा, एवढ्या भांडवलावर ते आत आले आणि पहिल्याच रविवारी टायमिंग लाइट घेऊन गेले. गळ्यात आयडी कार्डाचा पट्टा असला की डिपॉझिट लागत नाही. ज्यांच्या प्रेसवर आमची बेअरिंगं बसली, ज्यांचा पत्ता, दुकान, वेळ, गिऱ्हाइकं सगळं आम्हाला माहीत आहे, जे वीस वर्षं त्याच शेडमध्ये आहेत, त्यांना मात्र लागतं. हे मला लाजिरवाणं वाटलं आणि मी ते तिथे तसंच लिहिलं. थोडी शांतता पसरली. एक जण 'इट्स नॉट पर्सनल यार' म्हणाला. मग कसलं आहे?

कमर्शियलचा मुद्दा तर मला विनोदीच वाटतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला एक निकाल दिला होता. स्वतंत्र गॅरेजवाल्यांना अस्सल स्पेअर पार्ट, डायग्नोस्टिक टूल आणि तांत्रिक माहिती मिळू देत नाहीत म्हणून १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली, दंडाच्या रकमेवरून बरंच घडलं, तो भाग सोडा. पण आमच्या ग्रुपमध्ये तो निकाल दर सहा महिन्यांनी कोणीतरी उत्साहाने फिरवतं. कंपन्या कशा अवजारं दाबून बसतात, गाडी माझी आणि खोलायची किल्ली मात्र त्यांच्याकडे, वगैरे वगैरे. सगळं खरं आहे. मग एक स्वतंत्र गॅरेजवाला खुद्द आमच्या दारात येऊन तेच अवजार दोन दिवसांसाठी मागतो, तेव्हा आम्ही काय करतो? ज्या कंपन्यांना शिव्या घालतो त्यांचंच वाक्य थोडं मऊ करून त्याला ऐकवतो.

आता थोडं अर्थशास्त्र. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक साधनांवरच्या कामासाठी. कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी, मासेमारी अशा गोष्टी सरकारी मालकी किंवा खाजगी मालकी यांच्याविनाही माणसं पिढ्यान्‌पिढ्या नीट कशी सांभाळतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवलं. इस्टीमवाल्याने (हुशार माणूस आहे, उगाच नाही वाद घालायला मजा येत) त्यांचाच दाखला माझ्यावर उलटवला. अशा व्यवस्था टिकायच्या तर 'आत कोण आणि बाहेर कोण' याची स्पष्ट सीमा असावी लागते, असं त्याच म्हणतात ना? म्हणतात, बरोबर आहे. पण सीमा कशावरून आखायची हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. आमची सीमा 'हौशी विरुद्ध धंदेवाला' अशी का असावी? 'जो व्यवस्थेत काहीतरी घालतो आणि ज्याला आपण ओळखतो' अशी आखली तर उस्ताद आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या आधी आत येतात. त्याच बाई पुढे असंही सांगतात की नियम मोडणाऱ्याला पहिल्यांदा हलकी शिक्षा, मग वाढत जाणारी, हे पूर्ण बंदीपेक्षा चांगलं चालतं. म्हणजे पोराने रेंचने नट सोडवला तर पुढच्या वेळी मिळणार नाही, एवढं पुरे आहे. घडायच्या आधीच दार लावायची गरज नाही.

आणि खरं तर ज्या गोष्टीवर हा वाद एका मिनिटात संपायला हवा होता ती स्प्रेडशीटमध्येच आहे. गेल्या वर्षभरात टॉर्क रेंच सोमवार ते शुक्रवार किती दिवस कामाला आला हे मी काढून पाहिलं. शून्य. एकदाही नाही. आम्ही शनिवार-रविवारचे मेकॅनिक, उस्ताद रविवारी गॅरेज बंद ठेवतात. ज्या रविवारच्या नऊच्या गर्दीने आमचा जीव घेतलाय तिच्यात ते येतच नाहीत! सावडीसाठी याहून सोयीची जोडी कुठे मिळणार? त्यांच्या कामाने रेंच जास्त झिजेल हे कबूल. मग कॅलिब्रेशन वर्षातून दोनदा करू आणि वाढीव वेळेचे पैसे उस्तादांकडून घेऊ. ते देतील, त्यांना हिशोब कळतो. मात्र त्याच वहीत आम्ही प्रेस किती वेळा वापरला तेही लिहायचं. चहावर भागवायचं ते दोन्ही बाजूंनी, नाहीतर कोणाचंच नाही.

रांग लागेल या भीतीबद्दल एवढंच म्हणतो की ती थोडी खरी आहे. दहा गॅरेजवाले आले तर एकतीस अवजारं पुरणार नाहीत, आणि मालकी ज्याची त्याची असल्यामुळे नाही म्हणायचा हक्क मालकाला आहेच. मला दहा नकोच आहेत. मला एक हवेत, ज्यांना आम्ही ओळखतो ते.

त्या मंगळवारी रेंच गेला नाही, कारण चर्चाच गुरुवारपर्यंत चालली. उस्तादांनी वाट पाहिली नाही. गिऱ्हाइकाची गाडी किती दिवस ठेवणार? त्यांनी ओळखीच्या एका वर्कशॉपमधून भाड्याने आणला म्हणे. आम्हाला काही बोलले नाहीत. त्यानंतरच्या शनिवारी लाल ८०० वाला व्हील बेअरिंग घेऊन गेला तर नेहमीसारखं प्रेसवर बसवून दिलं, चहाही त्यांनीच सांगितला.

मी मांडलेला प्रस्ताव असा. तीन महिने, फक्त कामाच्या दिवशी, टॉर्क रेंच, अंशाची चकती आणि कॉम्प्रेशन गेज ही तीन अवजारं उस्तादांच्या नावाने यादीत उघडायची, डिपॉझिट नाही. रेंच झेनवाल्याचा आहे, त्याची तयारी आहे. चकती माझी. आत्तापर्यंत सात जण हो म्हणालेत, चार नाही म्हणालेत, तिघांनी नुसता नमस्काराचा इमोजी टाकलाय, त्याचा अर्थ आम्ही अजून लावतोय. पद्मिनीवाल्या काकांनी हो म्हणताना एक अट घातली आहे. यादीत गाडीच्या नावाच्या रकान्यात उस्तादांसमोर काय लिहायचं ते आधी त्यांना विचारून या. त्यांची स्वतःची गाडी नाहीये, स्प्लेंडर आहे.